नवीन सुपरकार जोखताना एचपीचा आकडा किती धरायचा?

वळणवेडा
नवीन सुपरकार आली की ग्रुपवर पहिला प्रश्न ठरलेला: "एचपी किती?" लॅम्बोर्गिनी रेव्हुएल्टो 1015, फेरारी 296 जीटीबी 830, मॅक्लारेन 750एस 750 आणि पोर्शे 911 जीटी3 आरएस (992 पिढी) फक्त 525. या हिशोबाने जीटी3 आरएस यादीत तळाला जाते, पण ट्रॅकवाले तिलाच डोक्यावर घेतात. स्पेक शीटवरून गाडी जोखायची तर एचपीला किती महत्त्व द्यायचं? विशेषणं नकोत, आकड्यांत सांगा.

डिफलॉक
पूर्ण पॉवर रस्त्यावर उतरते कधी, ते आधी काढा. 1500 किलोची रिअर व्हील ड्राइव्ह गाडी घ्या. जोरात निघताना साधारण 65% भार मागच्या चाकांवर येतो. चांगल्या टायरचा ग्रिप (घर्षण गुणांक) 1.1 धरला तर मागची चाकं जास्तीत जास्त 10,500 न्यूटनच्या आसपास जोर लावू शकतात. क्रँकला (इंजिनच्या शाफ्टवर) 700 पीएस (मेट्रिक हॉर्सपॉवर, वरचे आकडेही यातलेच) असतील आणि त्यातले 12% गिअरबॉक्स-डिफरन्शियलमध्ये गेले, तर चाकांशी उरतात 453 किलोवॅट. याला त्या 10,500 न्यूटनने भागा: सेकंदाला 43 मीटर, म्हणजे ताशी 155 किमी. त्याखाली पूर्ण थ्रॉटल दिला तर चाकं जागेवर फिरतील, नाहीतर ट्रॅक्शन कंट्रोल पॉवर कापेल. हेच गणित 500 पीएसला केलं तर 111 किमी येतं.

म्हणजे 0-100 मध्ये 500 आणि 700 पीएस दोन्ही टायरपाशीच अडतात. तो आकडा टायर, लाँच कंट्रोल आणि चारही चाकांना ड्राइव्ह आहे का, याचा. इंजिन बघायचं असेल तर 100-200 आणि 200-300 चे आकडे शोधा.

कोरडं_वजन
वरच्या गणितात वजन बदलून बघा, सगळं हलतं. पण ब्रोशरमधलं वजन कुठलं ते आधी तपासा. 750एस सर्वात हलक्या स्पेकमध्ये ड्राय 1,277 किलो, डीआयएन 1,389. डीआयएनमध्ये ऑइल, कूलंट आणि 90% पेट्रोल धरलेलं असतं. ड्राय वजनाची गाडी चालूच होणार नाही. एकाच गाडीचे टनामागे 587 पीएस होतात किंवा 540. एका कंपनीचं ड्राय आणि दुसरीचं डीआयएन शेजारी ठेवून तुलना करणारे व्हिडिओ सरळ बंद करा.

युनिटचंही तेच. 1000 पीएस म्हणजे 986 बीएचपी (ब्रिटिश हॉर्सपॉवर). शिवाय कंपनी आकडा क्रँकला देते आणि डायनोवर (पॉवर मोजायच्या रोलरवर) दिसतो तो चाकांचा, त्यामुळे "कंपनीने फसवलं" ही ओरड बहुतेक वेळा तिथूनच सुरू होते.

हायब्रिडमध्ये (इंजिन अधिक इलेक्ट्रिक मोटर) आणखी एक खोच आहे. रेव्हुएल्टोचा व्ही12 825 पीएसचा आणि तीन मोटर प्रत्येकी 150 च्या. बेरीज 1275 होते, पण कंपनी 1015 सांगते, कारण 3.8 किलोवॅट-तासाची बॅटरी एका वेळी तेवढीच वीज देऊ शकते. 296 ची मोटर 167 पीएसची, बॅटरी 7.45 किलोवॅट-तासाची. ब्रेकिंगमधून काहीच परत मिळालं नाही तर कागदावरसुद्धा पूर्ण जोर साडेतीन मिनिटांच्या थोडाच पुढे जाईल. ट्रॅकवर लॅपमागून लॅप मारणाऱ्याने विचारायचा प्रश्न हाच: पाचव्या लॅपला किती पीएस उरतात?

नॉर्डश्लायफ
525 चं कोडं जर्मनीतल्या नुरबर्गरिंग ट्रॅकवर सुटतं. 770 पीएसच्या लॅम्बोर्गिनी अ‍ॅव्हेंटाडोर एसव्हीजेने 2018 मध्ये 20.6 किमीच्या लॅपला 6:44.97 घेतले. 992 जीटी3 आरएसने 2022 मध्ये त्याच अंतराला 6:44.848. म्हणजे 245 पीएस कमी आणि वेळ जवळपास तोच. मुख्य कारण हवा: आरएसला ताशी 200 किमीवर 409 किलो आणि 285 वर 860 किलो डाउनफोर्स (विंगमुळे हवेचा खाली दाबणारा जोर) मिळतो. जवळपास 1450 किलोच्या गाडीवर 409 किलो म्हणजे टायरवरचा भार पाव हिश्शाहून जास्त वाढला, तोही वस्तुमान न वाढता.

पण चार वर्षांत टायरही बदलले, त्यामुळे सगळं श्रेय विंगला देऊ नका. आणि 2019 पासून अधिकृत लॅप 20.832 किमीचा आहे. त्यावर आरएसची वेळ 6:49.328. जुना 6:44 आणि नवा 6:49 एकमेकांशी भिडवले की पुढचा सगळा वाद फुकट.

वळणवेडा
मग एचपी निव्वळ मिरवायला?

सरळरेषा
अजिबात नाही. वरच्या प्रतिसादात आरएसचा टॉप स्पीड सोयीस्करपणे गाळलाय: ताशी 296 किमी. एसव्हीजे 350 च्या वर जाते. जी विंग वळणात दाबते तीच सरळ रस्त्यावर मागे खेचते.

हवेचा विरोध मोडायला लागणारी पॉवर वेगाच्या घनाने वाढते. 300 वरून 350 ला जायला जवळपास 60% जास्त. तिथे एचपीला पर्याय नाही, फार तर आकार सुधारून थोडी सूट मिळते. 2005 ची बुगाटी वेरॉन 1001 पीएसवर ताशी 407 किमी गेली. घनाच्या हिशोबाने 490 ला सुमारे 1750 पीएस लागले असते. 2019 मध्ये बुगाटीचीच शिरॉन 1600 पीएस आणि लांबवलेल्या शेपटीवर 490.48 ला पोचली.

प्रश्न एवढाच की हा वेग वापरणार कुठे. समृद्धीवर मर्यादा 120 ची आहे, म्हणजे डिफलॉकच्या गणितातला 155 सुद्धा कायद्यात बसत नाही.

कोरडं_वजन
थांबण्याचं कुणीच बोललं नाही. ताशी 250 किमीवरून थांबताना 1500 किलोची गाडी 3.6 मेगाज्यूल ब्रेकमध्ये ओतते, 1900 किलोची 4.6. जास्त एचपीची हायब्रिड सरळ रस्त्यावर जे कमावते, त्याची वसुली पॅड आणि टायरमधून होते. डिस्क कार्बन-सिरॅमिक असली तरी ब्रेक फ्लुइड उकळलं की पेडल तळाला जातं. डॉट 4 दर्जाच्या फ्लुइडला नवीन असताना किमान 230 अंश उत्कलनबिंदूची हमी असते, पण ओलावा शोषल्यावर ती 155 वर येते. आपल्या पावसाळ्यात उभी राहिलेली गाडी थेट ट्रॅकवर नेण्याआधी फ्लुइड बदलाच.

डिफलॉक
+1. आणि टायर प्रेशर. टायर तापला की दर 10 अंशांना साधारण 0.1 बार वाढतो. घरून थंड टायरला रस्त्याचं प्रेशर भरून गेलात तर तिसऱ्या लॅपला टायर फुगून मधल्या पट्ट्यावर चालतो आणि ग्रिप जातो. पिटमध्ये आल्याबरोबर, गरम असतानाच मोजा आणि कंपनीने ट्रॅकसाठी दिलेल्या हॉट प्रेशरपर्यंत हवा सोडा. परतताना पुन्हा भरायला विसरू नका.