गिरणगाव बदललं की विकलं गेलं?

काळाचौकीकर:
जर्मनीत एसेन शहरातली त्सोल्फराइन कोळसा खाण १९८६ साली बंद पडली. तिथल्या सरकारने जागा विकत घेतली, इमारती पाडल्या नाहीत. २००१ मध्ये ती जागतिक वारसा ठरली. कोळसा धुवायच्या इमारतीत आज संग्रहालय आहे.

आणि आपल्याकडे, मुंबईच्या गिरणगावात? १९९१ च्या नियमाने गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे व्हायचे होते: पालिकेला मोकळ्या जागेसाठी, म्हाडाला घरांसाठी आणि मालकाला. २००१ च्या दुरुस्तीने वाटणी फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जमिनीपुरती उरली. शेड असलेली जमीन वाटणीतून सुटली, आणि गिरणीत शेडच तर जास्त! २००६ मध्ये सुप्रीम कोर्टानेही ते मान्य केलं. माझे वडील गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. मी तरी याला विकणंच म्हणेन.

परळची_लेक:
दादा, जमिनीचं पटलं. पण शेड जपून पोट भरलं असतं का? १९८२ च्या संपाआधीच यंत्रं जुनाट झाली होती, कापड भिवंडीच्या यंत्रमागांवर निघत होतं.

माझी आई खानावळ चालवायची. दहा बाय बाराच्या खोलीत दोन पंगती, पाळीप्रमाणे. लाल कापडी बांधणीच्या वहीत प्रत्येकाचा महिन्याचा हिशोब. संप लांबला तशी माणसं गावी गेली, कित्येक पानांवर बाकी तशीच राहिली. आईने कुणाला पत्र टाकून पैसे मागितले नाहीत. पुढे गिरणीच्याच आवारात ऑफिसं आली आणि आईचे डबे सुरू झाले. माझं कॉलेज त्या डब्यांवर झालं. याला मी नुसतं विकणं कसं म्हणू?

काळाचौकीकर:
ताई, तुमच्या आईच्या कष्टांना नमस्कार. पण ते श्रेय त्यांचं, गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरचं नाही. आमच्या चाळीतली पोरं त्याच टॉवरच्या गेटवर बारा तास उभी असतात. आणि ज्यांच्या घामावर ही जमीन सोन्याची झाली, त्यांना घर कुठे देऊ करतात? मुंबईबाहेर लांब, शेलू-वांगणीला. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने तिथून केईएमला तपासणीला यायचं?

परळची_लेक:
शेलू-वांगणीच्या बाबतीत मी तुमच्याच बाजूने आहे. घर मुंबईतच हवं. पण ऑफिसं नकोत, हे मला मान्य नाही. भांडण त्या गेटच्या आत आपल्या पोरांना जागा मिळावी म्हणून करू या.

काळाचौकीच्या इंडिया युनायटेड गिरणी क्रमांक दोन-तीनमध्ये वस्त्रोद्योगाचं संग्रहालय करायचं ठरलंय ना? तिथे साच्यांबरोबर खानावळही दाखवा. आईची वही मी जपून ठेवली आहे, द्यायला तयार आहे.