घरात पैसा किती आहे, हे तुम्हाला कधी कळलं?

लहानपणी 'बाबांचा पगार किती?' असं विचारलं की 'तुला काय करायचंय?' हे उत्तर ठरलेलं. बाकी सगळ्या विषयांवर आमच्याकडे तावातावाने चर्चा, पैशावर मात्र अळीमिळी गुपचिळी. तुमच्याकडे हे कसं उघड झालं? आणि स्वतः पालक झाल्यावर मुलांना किती सांगता? उपदेश नको, घडलेलं लिहा.

लालबागची लेक
१८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. आम्हा मुलांना कुणी काही सांगितलं नाही, पण कालवण पातळ होत गेलं आणि वाण्याकडे आईऐवजी मला पाठवू लागले. लहान पोरीला उधारी नाकारत नाहीत ना! पुढे आईने डबे सुरू केले. माझं अक्षर बरं म्हणून हिशोबाची वही माझ्याकडे आली. कुणाचे किती थकलेत, रॉकेलला किती गेले, सगळं मला पाठ. अण्णा त्या वहीकडे बघतही नसत. गिरणीत ते परत गेलेच नाहीत. वॉचमनची नोकरी लागली तेव्हा पहिला पगार त्यांनी देवापुढे न ठेवता माझ्या वहीवर ठेवला. बोलले काहीच नाहीत. बोलणाऱ्यातले नव्हतेच.

नाशिककर
मला थेट बँकेत कळलं. शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांच्या वर हवं होतं, म्हणजे तारण आलं. बाबा सहकर्जदार. त्यांची आयकर विवरणपत्रं साहेबांच्या टेबलावर, मी शेजारी. उत्पन्नाचा आकडा वाचला आणि आधी आठवली ती माझ्या क्लासची फी. बाहेर चहा घेताना बाबा म्हणाले, "हप्ता तुझा, घर माझं. मधे आईला आणायचं नाही."

एक वाचक
आमच्याकडे उलट. आईला भिशी लागली की चाळभर कळायचं, बाबांना सगळ्यांत शेवटी.

मिरजेची
पैशाचं नाही, जमिनीचं लिहिते. तात्यांनी आम्हा तिन्ही भावंडांना सोप्यात बसवून सातबारा वाचून दाखवला होता. कुठला गट, सोसायटीचा बोजा किती, सगळं. "उद्या कुणी सही मागितली तर कशावर करताय ते ठाऊक असू दे." ते गेले आणि तेराव्याच्या आतच दादाने हक्कसोडाचा विषय काढला. २००५ पासून वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा वाटा मुलाइतकाच, हे त्यालाही माहीत होतं, म्हणून तर घाई. मी सही केली नाही. धाकटीने केली, तिला माहेर हवं होतं. दादा आता माझ्याशी भाऊबीजेपुरता बोलतो. तात्यांनी दाखवलंच नसतं तर बरं झालं असतं, असंही कधीकधी वाटतं.

कोथरूडचा बाबा
लेक आठवीत. दहा वर्षांवरच्या मुलांना स्वतःच्या सहीने चालवता येणारं बचत खातं तिला काढून दिलंय. त्या ओघात गृहकर्जाचा हप्ताही सांगितला. परवा हॉटेलात वेटरसमोर विचारते, "बाबा, या महिन्यात पनीर परवडेल ना?" बायको म्हणते, अति झालं. तुम्ही काय केलं असतं?

एक वाचक
सांगा हो. फक्त दुसऱ्यांचा हप्ता विचारायचा नसतो, हेही सांगून ठेवा. आमच्या चिरंजीवांनी गणपतीच्या आरतीनंतर सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारला होता.