मायक्रोलेन्सिंग नेहमी उजळवतंच असं नाही

मायक्रोलेन्सिंगमुळे, म्हणजे वाटेतल्या ताऱ्यांच्या गुरुत्वाकर्षणाने प्रकाश वळल्यामुळे, लांबचे सुपरनोव्हा (ताऱ्यांचे स्फोट) जास्त तेजस्वी दिसतात, म्हणून त्यांच्या तेजावरून काढलेली अंतरं सगळी चुकीची, असं कुणीतरी लिहिलंय. हे पटत नाही. गुरुत्वाकर्षण प्रकाश तयार करत नाही, नुसता वळवतं. एकाच्या वाट्याला जास्त आला की बाकीच्यांचा कमी होणारच. त्यामुळे बहुतेक सुपरनोव्हा किंचित मंद आणि मोजकेच चांगले उजळ, असा एका बाजूला कललेला पसारा मिळतो. भरपूर सुपरनोव्हा घेतले की सरासरी जागेवर येते.

खरी गंमत एकाच सुपरनोव्हाकडे पाहताना. स्फोटाचं कवच सेकंदाला साधारण १०,००० किमी वेगाने फुगतं, म्हणजे २० दिवसांत त्रिज्या सुमारे १,७०० कोटी किमी (सूर्य-पृथ्वी अंतराच्या शंभरपटीहून जास्त!). आपल्या आणि सुपरनोव्हाच्या मधल्या दीर्घिकेतल्या ताऱ्यांमुळे तीव्र वर्धनाच्या (जिथे प्रकाश खूप वाढतो अशा) रेषांचं जाळं तयार होतं, पोहण्याच्या तलावाच्या तळाशी उन्हाच्या रेघा दिसतात ना, तसंच. कवचाची कड अशा रेषेला टेकली की तेवढा भाग उजळतो आणि प्रकाशवक्राचा (तेज दिवसागणिक कसं बदलतं त्या आलेखाचा) आकारच बदलतो.

२०१६ च्या आयपीटीएफ१६जीईयू या सुपरनोव्हाचं उदाहरण घ्या. एकूण ५० पटींहून अधिक वर्धन, मधल्या दीर्घिकेमुळे त्याच्याच चार प्रतिमा, पण त्यांची तेजस्विता एकसारखी नाही. दीर्घिकेचं नितळ मॉडेल (सुटे तारे न धरता वस्तुमान सलग पसरलेलं मानणारं) वापरून हा फरक सहज निघेना, म्हणून संशय ताऱ्यांवर गेला.

माझ्या मते डोकेदुखी आहे ती प्रतिमांमधला कालविलंब (एकीचा प्रकाश दुसरीपेक्षा किती उशिरा पोचतो ते) मोजताना, कारण चारही प्रतिमांचे वक्र वेगवेगळ्या ताऱ्यांनी वाकडे केलेले असतात.