वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये १२० लेव्हलची ५० केली, ते मला अजून पटलेलं नाही

शेवंती (धागाकर्ती)

ऑफिसातल्या एका मुलाने नुकतंच वॉव (वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट) सुरू केलंय. परवा सांगत आला, "मी सत्तराव्या लेव्हलला पोचलो." मी पटकन म्हणाले, "म्हणजे बर्निंग क्रुसेड!" त्याला काही कळलंच नाही. त्याच्या लेखी सत्तर म्हणजे ड्रॅगनफ्लाइट संपलं आणि आता द वॉर विदिनच्या ऐंशीकडे. तेव्हापासून हा विषय डोक्यात घोळतोय.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हा इंटरनेटवर अनेकांनी एकत्र खेळायचा खेळ; खेळत जाल तशी तुमच्या कॅरेक्टरची लेव्हल वाढते, आणि खेळाचा नवा भाग आला की शेवटची लेव्हल, म्हणजे कॅप, वर सरकते. नोव्हेंबर २००४ मध्ये वॉव आलं तेव्हा शेवटची लेव्हल ६० होती. मग २००७ मध्ये (बर्निंग क्रुसेड) ७०, २००८ मध्ये (राथ ऑफ द लिच किंग) ८०, २०१० मध्ये ८५, २०१२ मध्ये (पँडारिया) ९०, २०१४ मध्ये १००, २०१६ मध्ये (लीजन) ११० आणि २०१८ मध्ये (बॅटल फॉर ॲझेरॉथ) १२०. ऑक्टोबर २०२० मध्ये, शॅडोलँड्स यायच्या आधीच्या पॅचमध्ये, एका दिवसात १२० वाल्यांची लेव्हल ५० झाली. त्याखालचे सगळे त्या मानाने खाली आले आणि नवी कॅप पुन्हा ६० ठरली. त्यापुढे ड्रॅगनफ्लाइटमध्ये ७० आणि द वॉर विदिनमध्ये ८०.

आमच्या डोंबिवलीच्या घरी एकच अकाउंट होतं, दादाचं आणि माझं मिळून. रात्री दोन ते सकाळी आठ डाउनलोड अमर्याद असा इंटरनेटचा प्लॅन होता. सर्व्हर युरोपातला, कारण भारतात या खेळाचा सर्व्हरच नाही. दादाचा पॅलाडिन (त्याचं कॅरेक्टर) पहाटे पाचच्या सुमारास सत्तरला पोचला, तेव्हा त्याने मला हलवून उठवलं होतं. स्क्रीनवर तो सोनेरी झोत आणि गिल्ड चॅटमध्ये, म्हणजे आमच्या गटाच्या गप्पांत, धडाधड पडणारे अभिनंदनाचे 'ग्रॅट्झ', अजून डोळ्यांसमोर आहे. २००८ च्या जूनमध्ये दादा कॅडेट म्हणून जहाजावर गेला. नोव्हेंबरमध्ये राथ ऑफ द लिच किंग आलं, सगळे ऐंशीच्या मागे लागले. त्याचा पॅलाडिन मात्र सत्तरवरच राहिला.

कॅरेक्टर निवडायच्या स्क्रीनवर माझ्या हंटरच्या वर त्याचं नाव आणि खाली ७०, हे मी बारा वर्षं बघत होते. जुना खेळाडू ते बघून लगेच सांगायचा, हा २००७-०८ मध्ये खेळत होता, लिच किंगच्या आधी थांबला. एखाद्याचं कॅरेक्टर ८५ वर अडकलेलं दिसलं की तो पँडारियाच्या आधी गेला हे कळायचं. कॅप हे आमचं कॅलेंडर होतं. पॅच आल्यावर मी लॉगिन केलं आणि सत्तरच्या जागी तिशीच्या आतला कसला तरी आकडा दिसला. त्या आकड्यावरून कुणालाच काही कळत नाही. आज ६० म्हटलं तर ते २००६ चे की २०२१ चे, तेही विचारावं लागतं.

खेळ सोपा करायला माझी हरकत नाही. पण एवढ्या लोकांच्या खात्यावरची तारीख खोडली, आणि त्या जागी काहीच लिहिलं नाही.

कातळ

शेवंती, दादांचा किस्सा मनाला लागला. पण मी पूर्ण असहमत आहे, आणि का ते नीट लिहितो.

तुम्ही ज्या आकड्याबद्दल बोलताय तो २०२० मध्ये मेला नाही. तो त्याच्या कितीतरी आधी पोकळ झाला होता. २००५ मध्ये लेव्हल दहापासून दर लेव्हलला एक टॅलेंट पॉइंट, म्हणजे कॅरेक्टरची क्षमता वाढवायचा गुण, मिळायचा. दर दोन लेव्हलला ट्रेनरकडे जाऊन नवा स्पेल शिकायचा. पँडारियापासून टॅलेंट दर पंधरा लेव्हलला. मग शंभरला शेवटचं, आणि शंभर ते एकशेवीस या वीस लेव्हलमध्ये एकही नवं टॅलेंट नाही. बॅटल फॉर ॲझेरॉथमध्ये तर लेव्हल वाढली की माणूस दुबळा वाटायचा, कारण आजूबाजूचे शत्रूही तुमच्याबरोबर वाढायचे आणि लीजनच्या लेजेंडरी वस्तूंची खास ताकद ११६ ला बंद पडायची. लेव्हल वाढून डिंग झाल्यावर आनंद व्हायच्या ऐवजी आपण कमजोर झालो असं वाटावं, अशी लेव्हल कशासाठी जपायची?

आणि पैशाचं काय? २०१४ पासून कंपनी ९० चं कॅरेक्टर थेट विकत होती. ज्याने पैसे मोजले तो एका क्लिकमध्ये तिथे. मग तो आकडा कुणाच्या वर्षांची नोंद उरतो?

आकडा कमी केल्यावर निदान प्रत्येक टप्प्यावर हातात काहीतरी पडायला लागलं. मी त्या बदलाच्या बाजूने तेव्हाही होतो आणि आजही आहे.

भिंगरी

कातळ यांना +१. माझं कारण आणखी साधं आहे.

२०१९ मध्ये मी नवऱ्याला हा खेळ लावायचा प्रयत्न केला. आठवडाभर तो हौसेने खेळला, वेस्टफॉलमध्ये डेड माइन्स नावाचं डन्जन (छोट्या गटाने मिळून लढायची जागा) केलं, शेवटच्या म्होरक्याला मारल्यावर खुर्चीतून उठून नाचला. मग विचारलं, "तुझी मंडळी कुठे आहेत?" मी सांगितलं, १२० ला. तो तेव्हा बाविसाव्या लेव्हलवर होता. रोज संध्याकाळी तासभर मिळायचा त्याला. त्याने मनात हिशोब केला आणि चेहराच पडला. आउटलँडपर्यंत कसाबसा आला, त्रेसष्टला सोडलं. माझ्याबरोबर खेळायचं म्हणून आला होता आणि माझ्याबरोबर एकदाही रेडला, म्हणजे मोठ्या गटाच्या लढाईला, येऊ शकला नाही.

शॅडोलँड्सनंतर भाचीला बसवलं. नवीन बेट आहे, एक्झाइल्स रीच. एक ते दहा लेव्हल तिथेच होतात. बोट फुटते, किनाऱ्यावर उठतो, शेवटी डार्कमॉल नावाचं छोटं डन्जन. एका दुपारी झालं. दहाला माउंट, म्हणजे स्वारीचं जनावर, चालवायला मिळतं. दिवाळीच्या सुट्टीत ती माझ्या बरोबरीला आली आणि आम्ही दोघी एकत्र डन्जन करायला लागलो.

अजून एक गोष्ट कुणी लक्षात घेत नाही. २०११ पासून लेव्हल २० पर्यंत खेळ फुकट आहे. आधी तो १२० पैकी २० होता, म्हणजे सहावा हिस्सा. कॅप ६० झाल्यावर तोच तिसरा हिस्सा झाला. ज्यांना दर महिन्याचे पैसे परवडत नाहीत, त्यांच्या वाट्याला एकदम दुप्पट खेळ आला. आपल्याकडच्या कॉलेजातल्या मुलांसाठी ही लहान गोष्ट नाही.

शेवंती, पाहुण्याला जेवायला बोलवायचं आणि पानावर बसायच्या आधी घरातल्या सगळ्या लग्नांचे अल्बम बघायला लावायचे, तसं झालं होतं ते.

वॉरसाँगकर

मला कुणी विचारत नाही म्हणून मीच लिहितो. मी ट्विंक खेळायचो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: १९ ला मुद्दाम थांबायचं, त्या लेव्हलला मिळू शकणारी उत्तमातली उत्तम वस्तू मिळवायची, प्रत्येक वस्तूवर महागातलं एन्चांट (ताकद वाढवणारा मंत्र) लावायचं आणि वॉरसाँग गल्च या रणांगणात झेंडा पळवायचा. २००९ पासून तर दहा सोन्याची नाणी देऊन एक्सपी, म्हणजे लेव्हल वाढवणारे अनुभवाचे गुण, बंद करायची अधिकृत सोय होती. म्हणजे कंपनीनेच मान्य केलं होतं की १९ वर थांबणं हीसुद्धा खेळायची एक रीत आहे.

माझ्या रोग (Rogue) कॅरेक्टरच्या अंगावरचा एकेक तुकडा मिळवायला महिने गेले. १२० लेव्हल ५० मध्ये कोंबल्या म्हणजे कित्येक जुन्या लेव्हल एकाच आकड्यावर येऊन बसणार, हे साधं गणित आहे. माझा १९, १९ राहिलाच नाही. ज्या लोकांशी मी वर्षानुवर्षं लढलो त्यांची गणितंही विस्कटली. आमची संख्या थोडी, म्हणून आमचं नुकसान कुणी मोजलं नाही. शेवंतीताईंचं दुःख आठवणीचं आहे. माझी तर खेळायची जागाच गेली.

मध्यरात्र

दोन वेगळ्या गोष्टींची इथे गल्लत होतेय. आकडे लहान करायचे दोन प्रकार आहेत.

पहिला, ताकदीचे आणि जिवाचे आकडे. ते कमी करणं भागच होतं. पँडारियाच्या शेवटच्या रेडमध्ये गॅरॉश हेलस्क्रीम या शेवटच्या शत्रूचा जीव एवढा फुगला की ३२ बिटच्या आकड्यात, म्हणजे २,१४,७४,८३,६४७ च्या आत, तो मावेना. म्हणून लढाईच्या मध्ये तो पुन्हा जीव भरून घेतो अशी रचना करावी लागली. २०१४ आणि २०१८ मध्ये हे आकडे छाटले, ते योग्यच केलं.

दुसरा, लेव्हल. १२० हा आकडा एका बाइटमध्ये आरामात बसतो, २५५ पर्यंत जागा आहे. लेव्हल छाटायला तांत्रिक सक्ती कसलीच नव्हती. तो संपूर्णपणे मनाचा आणि मांडणीचा निर्णय होता. मग मांडणी म्हणूनच त्याचं मोजमाप करायला हवं.

शेजारी बघा. फायनल फँटसी १४ ने २०२१ मध्ये ताकदीचे आकडे छाटले, पण लेव्हलला हात लावला नाही. २०१३ मध्ये कॅप ५० होती, २०२४ मध्ये १०० झाली. एव्हरक्वेस्ट १९९९ मध्ये ५० ने सुरू झालं आणि आज शंभरच्या पुढे आहे, तेही छाटणी न करता. गिल्ड वॉर्स २ ने तर २०१२ पासून ८० च्या वर जायचंच नाही असं ठरवलं. मला विचाराल तर ही तिसरी वाट सगळ्यात शहाणपणाची. कॅप हलवलीच नाही तर छाटायची वेळच येत नाही.

कातळ

@मध्यरात्र, बाइटचा मुद्दा मान्य. पण फायनल फँटसीत नव्या माणसाला पहिल्या क्वेस्टपासून, म्हणजे मोहिमेपासून, शेवटपर्यंत कथा ओळीने करावी लागते, शेकडो तास. ज्याला ते नको त्याला कंपनी कथा वगळायची सोय पैसे घेऊन विकते. ते ओझं लेव्हलच्या आकड्यात दिसत नाही, एवढंच.

भिंगरी

@वॉरसाँगकर, तुमचं नुकसान खरं आहे आणि मी ते कमी लेखत नाही. ट्विंकसाठी वेगळा गट ठेवायला हवा होता. तुम्ही म्हणता तसं, मोजलं गेलं नाही.

@शेवंती, एक विचारते. तुम्हाला जुनं ६० आणि ७० हवं असेल तर क्लासिक आहे ना? २०१९ च्या ऑगस्टपासून जुना खेळ जसाच्या तसा मिळतो. मग राग कशाचा?

शेवंती

भिंगरीताई, तुमच्या नवऱ्याचं वाचून मी बराच वेळ थांबले. ते मला आधी दिसलंच नव्हतं हे कबूल करते. रोज तासभर मिळणाऱ्या माणसाला १२० पायऱ्या दाखवणं अन्यायाचं होतं. भाची तुमच्या शेजारी आली हे चांगलंच झालं, त्यावर माझं दुमत नाही.

कातळ, तुमचं पोकळ झाल्याचं म्हणणं मात्र अर्धंच पटलं. २०१८ च्या जानेवारीत सगळ्या जुन्या प्रदेशांचे शत्रू खेळाडूबरोबर वाढायला लागले, शंभरनंतर हातात काही पडेना, हे सगळं खरं. पण त्या चुका लेव्हलच्या नव्हत्या. लेव्हलच्या बदल्यात काही द्यायचं त्यांनी बंद केलं आणि मग लेव्हलच निरुपयोगी म्हणून काढली. दुकानदाराने शेल्फावर माल भरायचं सोडलं आणि मग शेल्फ विकून टाकलं, तसं. ९० विकत घेणाऱ्यांचं म्हणाल, तर दादाचा सत्तर कुणी विकत घेतला नव्हता. दुसऱ्याने पैसे मोजले म्हणून दादाची रात्र खोटी ठरत नाही.

क्लासिकचं सांगते. क्लासिकमध्ये शून्यापासून नवं कॅरेक्टर करावं लागतं. दादाचा पॅलाडिन तिथे नाहीच. खेळ परत मिळाला, माणूस तिथे नाही.

अचिव्हमेंटमध्ये, म्हणजे खेळातल्या कामगिरीच्या यादीत, नोंद असेल असं कुणी म्हणण्याआधीच सांगते, अचिव्हमेंट आल्या २००८ च्या ऑक्टोबरमध्ये. दादा जूनमध्येच गेला होता.

माझी मागणी एवढीच आहे. लेव्हल ५० करा, ३० करा, हवी तेवढी करा. पण नावाखाली बारीक अक्षरात 'पूर्वीची लेव्हल ७०' अशी एक ओळ ठेवायला काय लागलं असतं? मध्यरात्र म्हणतात तसा एक बाइट. द वॉर विदिनमध्ये कॅप पुन्हा ८० वर आली, त्यानंतरच्या मिडनाइटमध्ये ९०. आणखी काही वर्षांनी पुन्हा १२० होईल आणि पुन्हा कुणाला तरी छाटायची वेळ येईल. त्या वेळी तरी ती ओळ असावी.

वॉरसाँगकर

त्या ओळीला माझा पाठिंबा. माझ्यासाठी '१९, एक्सपी बंद' एवढं लिहिलं असतं तरी चाललं असतं.

कातळ

अशी ओळ ठेवली असती तर मीही तक्रार केली नसती. छाटणीच्या बाजूने मी आहेच. पण ती जिथे केली तिथे खूण ठेवायला हवी होती, हे मान्य. दादांनी नंतर कधी लॉगिन केलं का?

शेवंती

केलं. मागच्या गणपतीत तो घरी होता तेव्हा मी एका महिन्याचे पैसे भरले. पॅलाडिन शॅट्रथ शहरातल्या खाणावळीत उभा होता, सोळा वर्षांपूर्वी सोडला तिथेच. दादाने आकड्याकडे बघितलं, म्हणाला, "हा माझा नाही." मग क्वेस्ट लॉग उघडला. नेदरस्टॉर्ममधली एक क्वेस्ट तशीच अर्धवट होती. चार वस्तू मिळालेल्या, आठ बाकी. ती बघून तो उठून आईला स्वयंपाकघरातून बोलावून आला, की बघ, त्या दिवशी तू जेवायला हाक मारलीस तेव्हा इथे थांबलो होतो. आईला अर्थातच काही आठवत नव्हतं, पण ती मागे उभी राहिली आणि त्याने उरलेल्या आठ पूर्ण केल्या.