धार काढायला पटाशी (लाकडाची छिन्नी) ग्राइंडरला लावायची की नाही?

सागवान: काल इथे एकाने ठणकावून लिहिलं, ‘पटाशी ग्राइंडरला लावणारा सुतारच नव्हे. पोलादाचं पाणी उतरलं की हत्यार गेलं ते गेलंच.’ वाचून राहवलं नाही. पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरतं ते तापल्याने, ग्राइंडरने नाही. साध्या कार्बन पोलादाची पटाशी कडक केल्यावर 200 अंशांच्या आसपास पुन्हा तापवून टेंपर केलेली असते. 300 च्या घरात जाऊन निळी पडली की मऊ झाली. तिथवर जाऊ का देता? कमी तापवणारा पांढरा दगड बसवा, त्याचं तोंड चकाकायला लागलं की ड्रेसर (दगडाचं तोंड खरडून ताजं करायचं हत्यार) फिरवा, दोन-तीन सेकंद टेकवा, पाण्यात बुडवा. खिळ्यावर बसून टवका उडालेली पटाशी काय दिवसभर निसण्यावर (हाताने धार लावायच्या दगडावर) घासत बसायची?

निसणावाला: लिहिणारा मीच, आणि शब्द मागे घेत नाही. वडिलांची पाऊण इंची पटाशी भावाने ग्राइंडरला लावली. टोकाला मोरपिसासारखा निळा पट्टा उमटला, मग चुर्रकन पाण्यात बुडवली. काय उपयोग? आज बाभळीत दोन ठोक्यांत धार वळते. मिनिटाला 2850 फेरे, 6 इंची दगड, म्हणजे काठ सेकंदाला 22 मीटर पळतो. बोटाला चटका कळेपर्यंत पातळ टोक जळून गेलेलं असतं.

सागवान: भावाने करडा दगडच लावला असणार, लोखंड घासायचा. आणि ‘गेलं ते गेलंच’ कसं? निळा भाग घासून काढा, मागे चांगलं पोलाद आहे.

लेथवाला_कातारी: आम्ही दिवसातून दहा वेळा ग्राइंडरपाशी जातो. हायस्पीड पोलादाचं (जास्त ताप सोसणारं) हत्यार निळं पडलं तरी बिघडत नाही. ते तापलेलं पाण्यात मात्र बुडवू नका, बारीक चिरा जातात.

नवा_हात: चटका बसतो तर चामडी हातमोजे घालावेत ना?

लेथवाला_कातारी: अजिबात नाही! मी उमेदवारी केली तिथे एकाचा मोजा दगड आणि टूल-रेस्टच्या (हत्यार टेकवायच्या पट्टीच्या) फटीत ओढला गेला. मोज्यासोबत तर्जनीचं पेर गेलं. मशीन बंद करायला मीच धावलो होतो. फट 3 मिलिमीटरच्या वर नको, तिथे बोटभर होती.

निसणावाला: ऐका! निसण्याने आजवर कुणाचं बोट नेलंय?

सागवान: बोट फटीने नेलं. दगड झिजला की रेस्ट पुढे घ्यायची, एवढंही मालकाने केलं नाही. त्या पोराच्या बोटावर तुम्ही वाद जिंकू नका.

निसणावाला: जिंकायला नाही बोललो. माझा मुलगा आता हत्यारं हाताळायला लागलाय, म्हणून जीव तुटतो.

लेथवाला_कातारी: मग त्याला आधी हे शिकवा. नवा दगड बसवण्यापूर्वी टांगून लाकडी मुठीने वाजवायचा. खणखणीत वाजला तर लावायचा, बद्द वाजला तर तडा आहे, फेकून द्यायचा. चालू केल्यावर मिनिटभर बाजूला उभं राहायचं. चष्मा हवाच, लोंबती बाही नको.

निसणावाला: बरं. टवका उडालेल्या पटाशीपुरता ग्राइंडर मान्य. शेवटची धार निसण्यावरच.

सागवान: ती ग्राइंडरवर काढा असं मी लिहिलंय कुठे? गोल दगडाने धारेमागचा उतार मध्ये किंचित खोलगट होतो. मग निसण्यावर उताराचं टोक आणि मागची टाच एवढंच टेकतं, हात डगमगत नाही. निसण्याचंच काम हलकं होतं.

निसणावाला: हे आधी सांगितलं असतं तर एवढा घसा कोरडा झाला नसता. वडिलांची पटाशी काढून बघतो. पांढरा दगड किती नंबरच्या दाण्याचा?

सागवान: 60 किंवा 80. आणि घाई करू नका, मध्येच पटाशी बाजूला घेऊन, तापली का ते बोट लावून बघत जा.