मानेवर टॅटू काढायला आर्टिस्टच नाही म्हणतोय, चूक कोणाची?

उजवा_हात_भरलेला
वय २३, कर्वेनगर. उजवा हात खांद्यापासून मनगटापर्यंत भरलाय, तीन वर्षं लागली, पगारातून साठवून साठवून एकेक सेशन केलं, कधी चार तास कधी सहा, आणि सगळं एकाच दादाकडून. आता मला मानेच्या डाव्या बाजूला विंचू पाहिजे, कानाखालून गळ्याकडे उतरणारा. डिझाईन मीच केलं. दादाने बघितलं, झकास आहे म्हणाला, छातीवर काढतो, पाठीवर काढतो, मानेवर नाही. का विचारलं तर म्हणे "तुझा दुसरा हात रिकामा आहे." हे काय उत्तर झालं का?? कातडी माझी, पैसे माझे. घरचे नाही म्हणाले असते तर समजलं असतं, आई पहिल्या टॅटूच्या दिवशी जेवलीच नव्हती, तिला पटवायला वर्ष गेलं. पण ज्या एका जागी मला कुणी "हे काय करून घेतलंस" म्हणत नाही तिथेच नकार मिळाला याचं जास्त लागलंय. दुसऱ्या एका दुकानात विचारलं तर तो लगेच "आज बसतोस का?" जाऊ का?

सुई_नंबर_सात
मी बारा वर्षं हेच काम करतो, तुझा दादा कोण मला माहीत नाही पण उत्तर मला कळलं. आमच्यात जुन्या लोकांचा नियम आहे, मान, पंजे आणि चेहरा शेवटी. कपड्याखाली झाकता येणारी जागा आधी भरू दे, तेवढी वर्षं अंगावर शाई घेऊन जगून बघू दे, मग बघू. नियम कुठे लिहिलेला नाही आणि सगळे पाळतही नाहीत, धंदा कुणाला नकोय. मी नाही म्हणतो तेव्हा त्या महिन्याचं दुकानाचं भाडं डोळ्यासमोर असतं.

दुसरं, मानेची कातडी पातळ, सारखी वळणारी, तिथे सुई जरा खोल गेली की लाईन फुटते, म्हणजे शाई कडेला पसरून निळसर सावली येते. विंचवाचे बारीक पाय असतील तर अजूनच अवघड. बोटांचं उलट, तिथे शाई टिकत नाही, टचअपला या परत परत. लोकांना जागेचं गणित कळतच नाही. दर महिन्याला एकजण येतो, राजमुद्रा मनगटावर, दीड इंचात, अख्ख्या श्लोकासकट. अरे बाबा, पाच वर्षांत त्या अक्षरांचा गोळा होणार, मग महाराजांसमोर तोंड कसं दाखवू मी? मोठी करून दंडावर घे म्हणलं की लगेच "इंचाला किती" वर गाडी येते.

आणि खरं सांगायचं तर एकदा मी नाही म्हणालो नाही. एकोणीस वर्षांचा पोरगा, मानेवर त्रिशूळ, काढून दिला, चांगला झाला होता, फोटो पण टाकला. दीड वर्षाने पोरगा परत आला, भरतीची तयारी करत होता. आर्मीत कोपर ते मनगट आतल्या बाजूला आणि पंजाच्या मागच्या बाजूला चालतो, बाकी कुठे असला तर बाहेर, फक्त आदिवासी मुलांना परंपरेमुळे सूट आहे. हे मला तेव्हा माहीत नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं की पुढे काय करणार आहेस. लेझर कुठे करतात विचारत होता, मला त्याच्याकडे बघवेना. तेव्हापासून आधी चहा, मग गप्पा, मग स्टेन्सिल (सुई लावण्याआधी कातडीवर उमटवायचा डिझाईनचा छाप).

"आज बसतोस का" वाल्याकडे जाऊ नको एवढं मात्र नक्की.

पिंपळपान
माझे दोन्ही हात आणि एक पाय भरलेला आहे. जपानी शिकले, कंपनीने तिकडे पाठवलं. मला वाटलेलं टॅटूचा देश, आपलं कौतुक होईल. पहिल्याच वीकेंडला टीमबरोबर गरम पाण्याच्या कुंडावर गेलो, दारातच पाटी, टॅटू असलेल्यांना प्रवेश नाही. छोटा असेल तर कातडीच्या रंगाचं स्टिकर लावून काही ठिकाणी सोडतात, माझ्या दोन हातांना किती स्टिकर लावणार, मी दीड तास बाहेर बसून व्हेंडिंग मशीनची कॉफी पीत होते. तिथे टॅटू काढायला डॉक्टरचं लायसन लागतं का यावर कोर्टात भांडण चाललं होतं, २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने लागत नाही म्हणून निकाल दिला. सांगायचा मुद्दा, हात मी फुल बाह्यांत लपवते, क्लायंट मीटिंगला, सासरच्या पूजेला. तो स्विच माझ्याकडे आहे. मानेला स्विच नाही रे.

पेठेतला_शहाणा
आधी भाषा. "टॅटू काढायला" म्हणजे करून घ्यायला की पुसायला? शीर्षक वाचून मला वाटलं लेझरचा प्रश्न आहे. गोंदणे असं सरळ क्रियापद असताना.

बाकी "हे पाश्चात्त्य फॅड" म्हणून कुणी येण्याआधीच लिहून ठेवतो, पाश्चात्त्य आहे ते मशीन. एडिसनने कागदाला भोकं पाडायचं विजेचं पेन काढलं, त्यावरून ओ'रायली नावाच्या न्यूयॉर्कच्या माणसाने १८९१ मध्ये गोंदायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. सुई आणि काजळी आपल्याकडे आधीपासून होतीच. आणि मानेचं काय घेऊन बसलात, छत्तीसगडात रामनामी पंथाचे लोक आहेत, देवळात घेत नव्हते म्हणून त्यांनी राम नाम अंगभर गोंदवून घेतलं, काहींनी कपाळापासून पायापर्यंत. त्यांची नवी पिढी मात्र आता अंगभर घेत नाही, कामासाठी बाहेर पडावं लागतं म्हणून. म्हणजे दादाचं म्हणणं अगदीच चूक नाही.

आत्याची_भाची
गोंदणाचा विषय निघाला म्हणून. इन्स्टावर "आपली परंपरा" म्हणून हनुवटीवरच्या तीन ठिपक्यांचे रील बघते आणि मला आमची आत्या आठवते. जत्रेत गोंदणारीण बसायची, आत्या नऊ वर्षांची, दोन बायकांनी हात धरले, एकीने डोकं. ती अजून सांगते की सुयांपेक्षा तो वास लक्षात राहिला. हातावरचं तुळशीवृंदावन आता हिरवं पडलंय, एका बाजूने विरघळल्यासारखं. मी ते तसंच माझ्या हातावर घेणार होते, तिला दाखवलं तर म्हणाली "घे, पण माझं नको, तुझं काहीतरी घे, मला कुणी विचारलं नव्हतं." शेवटी मी कढीपत्त्याची डहाळी घेतली. ती बघून म्हणते, फोडणीला टाकायची राहिली वाटतं.

गळ्यापर्यंत_शाई
वय ४१, मान, दोन्ही पंजे, डोक्याची एक बाजू. पोरा, वरचे सगळे बरोबर बोलतायत पण एक खटकतंय, सगळे नोकरीबद्दलच बोलतायत. नोकरीचं बघता येतं, मी गाड्यांचं गॅरेज चालवतो, इंजिन मान बघत नाही. त्रास बारीकसारीक असतो आणि रोज असतो. पीएमपीत शेजारची सीट शेवटपर्यंत रिकामी. भाड्याचा फ्लॅट बघायला गेलो की मालक माझ्याशी न बोलता बायकोशी बोलणार. रक्तदान शिबिरात एकदा हाकलल्यासारखं केलं, मी वाद घातला, नियम एवढाच आहे की टॅटूनंतर बारा महिने थांबायचं. पण मग लक्षात आलं, मी दरवर्षी कुठेतरी काहीतरी करून घेतोच, माझे बारा महिने कधी भरतच नाहीत. आता बायको दोघांच्या वाटचं देते.

पश्चात्ताप? नाही. पण मी सदतीसाव्या वर्षी मान घेतली, आणि ज्याने काढली तो माझ्या लग्नात पंगतीला वाढत होता. दुकान म्हणजे नुसतं दुकान नसतं हे तुला पण माहितीय, म्हणून तर तुला नकार लागला. बरगडीवर सुई चालू असताना दुसरा आर्टिस्ट येऊन हात धरून बसतो, शिकाऊ पोरं आधी स्वतःच्या मांडीवर काढतात, आमच्या दुकानातल्या एकाच्या मांडीवर वाघ आहे, त्याला आम्ही बोका म्हणतो, तो पण म्हणतो.

एक कर. दादाला सांग नुसतं स्टेन्सिल लाव. जांभळं उमटतं, घासलं नाही तर दोनेक दिवस राहतं. ते घेऊन सगळीकडे फिर. टी-शर्टच घाल, कॉलर नको.

उजवा_हात_भरलेला
सगळ्यांना थँक्स, पेठेतल्या काकांना पण. स्टेन्सिलचं केलं. दादा आधी हसला मग पाच मिनिटांत लावून दिलं, पैसे घेतले नाहीत, वर चहा पाजला, आणि "पुढे काय करायचंय तुला" विचारलं. मला उत्तर देता आलं नाही, चहा गार झाला.

शनिवारी पथकाच्या सरावाला गेलो, तिथे कुणी बघितलं पण नाही, अर्ध्यांचे हात भरलेत, ताशावाल्याने फक्त विचारलं कुठून केलं. ऑफिसमध्ये सोमवारी मॅनेजर पूर्ण वेळ माझ्या कानाकडे बघून बोलत होता. आईने काही म्हटलं नाही, भाजी आणायला मंडईत जाताना मात्र दोन पावलं पुढे चालत होती, एरवी पिशवी माझ्या हातात देऊन शेजारी चालते. ते जरा जास्तच झालं माझ्यासाठी.

दुसऱ्या हातासाठी दादाकडे तारीख घेतलीय, विंचू दंडावर बसवतोय. मानेचं नंतर बघू.

आणि हो, परत येताना बसमध्ये एक आजी शेजारीच येऊन बसल्या, सरळ. त्यांच्या हातावर पण होतं गोंदलेलं. चष्मा वर करून माझी मान नीट बघितली, तोवर घामाने विंचवाची नांगी अर्धी गेली होती. म्हणाल्या, "बाळा, नीट नाही रे उमटलं, पैसे परत माग."