‘ठमीला चालत नाही’ : मांजराच्या कौतुकाला मर्यादा असावी का?

पार्ल्याची लेक

माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी विलेपार्ले पूर्वेच्या दोन खोल्यांच्या घरात एकटे राहतात. एकटे म्हणजे ठमी नावाच्या मांजरीसह. आई गेल्यानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात जिन्याखाली भिजून थरथरणारे एक पिल्लू त्यांनी ‘पाऊस थांबेपर्यंत’ म्हणून घरात घेतले. त्यानंतर चार पावसाळे येऊन गेले, तरी ती मुदत काही संपलेली नाही. इथवर माझी तक्रार नाही. ज्या माणसाने मला आणि माझ्या भावाला पानात पडेल ते निमूट खायला लावले, तोच माणूस आता मांदेली वाफवून, तिचा काटा काढून, कोमट करून बशीत ठेवतो आणि ठमीने तोंड फिरवलेच तर दुसऱ्या दिवशी कोळणीला जाब विचारतो, हेही मी हसून सोडून देते. भिंतीवरच्या कालनिर्णयात एकादशी-चतुर्थीच्या चौकटींत शिसपेन्सिलीच्या बारीक रेघा दिसतात. त्या दुधाच्या हिशेबाच्या असाव्यात असे मला वाटले होते, पण ठमी दिवसातून किती वेळा लिटर बॉक्समध्ये, म्हणजे शी-शूसाठीच्या वाळूच्या पेटीत, गेली याची ती नोंद निघाली.

माझा आक्षेप वेगळ्याच गोष्टीला आहे. अण्णा आता स्वतःच्या वतीने काही बोलतच नाहीत. पंखा तीनच्या वर नको, कारण ठमीला चालत नाही. माझ्याकडे मुक्कामाला यायचे नाही, कारण ठमीला करमणार नाही. नात्यातल्या एका मुंजीहून ते तासाभरात परतले, कारण ठमीची जेवायची वेळ झाली होती. यंदा देवगडजवळच्या आमच्या मूळ घरी गणपतीला येण्याबद्दल भावाने विचारले, तेव्हा ठरलेलेच उत्तर आले : ‘ठमीला प्रवास सोसत नाही.’ त्यात भर म्हणजे, आईच्या कुंकवाच्या करंड्यात ठमीच्या गळून पडलेल्या मिश्या जपून ठेवलेल्या परवा माझ्या नजरेस पडल्या, आणि तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. मांजर पाळणाऱ्यांच्या या सवयींकडे घरच्यांनी कौतुकाने पाहत राहायचे, की कुठेतरी त्यांना थांबवायचे?

परळचा बोका

आपण सांगितलेल्या निम्म्या गोष्टी विक्षिप्तपणाच्या नाहीत. मांजर नीट सांभाळणे यालाच म्हणतात. रेघांचेच घ्या. मांजर दुखणे शेवटपर्यंत लपवते, आणि लिटर बॉक्समधल्या फेऱ्या हाच पुष्कळदा पहिला पुरावा असतो. माझा बोका एकदा दर दहा मिनिटांनी त्या पेटीत जाऊन बसत होता आणि कोरडाच उठत होता. मी पोट साफ होत नसेल असे समजून अख्खी सकाळ घालवली. मूत्रमार्ग बंद झालेला बोका एक-दोन दिवसांत दगावू शकतो, हे मला त्या दुपारी बैलघोडा हॉस्पिटलात, म्हणजे परळच्या बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालयात, कळले. माझ्याकडे अण्णांसारख्या रेघा असत्या तर ती सकाळ वाया गेली नसती.

मांदेली वाफवण्याचा निर्णयही योग्य आहे. टॉरिन नावाचे द्रव्य मांजराच्या शरीरात पुरेसे तयार होत नाही, ते मांसमासळीतूनच मिळावे लागते, आणि मासे उकळून पाणी फेकून दिले की त्याबरोबर तेही बरेचसे निघून जाते. त्याच्या अभावी मांजरांचे हृदय दुबळे होते, हे 1987 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवून दिले, तेव्हा कुठे डबाबंद खाद्यात ते वाढवले गेले. (नुसत्या मांदेलीवर मात्र ठेवू नये, सोबत तयार खाद्य असावे.) प्रवासाबद्दल बोलायचे तर मांजराचा जीव जागेत असतो, त्यामुळे ओळखीचे वास सोडून बारा तास पिंजऱ्यात बसणे त्याला खरोखरच सोसत नाही. रेल्वेने सोबत न्यायचे म्हटले तर वातानुकूलित पहिल्या वर्गाचे कूपे मिळायला हवे, आणि गणपतीच्या दिवसांत कोकणच्या गाडीत ते कोणाला मिळाले असल्यास त्याने येथे येऊन मला दर्शन द्यावे.

राहिले वतीने बोलणे. मोठी झालेली मांजरे एकमेकांशी सहसा म्यांव करत नाहीत, ती म्यांव करतात ते मुख्यतः माणसांशी. ज्या प्राण्याने आपल्यासाठी एक आवाज राखून ठेवला आहे, त्याच्या बाजूने माणसाने चार वाक्ये बोलली तर बिघडले कुठे?

सचिव (मानद)

बिघडले कुठे ते मी सांगतो. मुलुंडच्या आमच्या सोसायटीत 84 घरे आहेत आणि त्यांपैकी 7 घरांत मांजरे आहेत. पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालण्याचा अधिकार सोसायटीला नाही हे मला ठाऊक आहे, आणि तशी माझी इच्छाही नाही. परंतु गेल्या वर्षी ‘सी’ विंगच्या पहिल्या मजल्यावरच्या तीन संडासांतून एकाच सकाळी पाणी उलटे वर आले. प्लंबरने नळ फोडला तेव्हा आतून गणपतीच्या शाडूसारखा करडा, घट्ट, माणसाच्या पोटरीएवढा गोळा निघाला. चौकशीअंती समजले की चौथ्या मजल्यावरच्या एक बाई मांजराची वापरलेली वाळू रोज संडासात ओतून पाणी सोडत होत्या. ही वाळू म्हणजे बेंटोनाइट नावाची माती असते. पाणी लागले की फुगायचे आणि गोळा व्हायचे, याच गुणासाठी ती विकली जाते. दुरुस्तीला 38 हजार रुपये लागले. आणि त्या बाईंचे उत्तर काय, तर ‘पिशवीत बांधलेल्या घाणीचा वास आमच्या चिकूला सहन होत नाही.’

म्हणून पार्ल्याच्या ताईंचा मुद्दा मला तंतोतंत पटतो. बाईंना पिशवी बांधून खाली नेण्याचा कंटाळा होता, एवढीच ती गोष्ट. मांजराचे नाव पुढे केले की समोरच्याला भांडता येत नाही, कारण मुक्या जनावराशी भांडणारा माणूस दुष्ट ठरतो. मांजर डोळे मिटून दूध पिते असे आपण म्हणतो. इथे मांजर उघड्या डोळ्यांनी बसलेले असते आणि डोळे मालक मिटतात. जिन्यात ठेवलेल्या खाण्याच्या वाट्यांचीही तीच कथा आहे, कारण त्यांवर मांजरांच्या आधी घुशी जेवून जातात.

परळचा बोका

वाळू संडासात टाकणे चूकच आहे, त्याचे समर्थन कोणीही जाणता मांजरवाला करणार नाही. पण घुशींचे खापर मांजरांवर फोडू नये. ज्या इमारतीत मांजरे असतात तिथे उंदीर कमी असतात.

सचिव (मानद)

ही समजूत सुखद आहे, पण तिला आधार तोकडा आहे. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या कचरा प्रक्रियेच्या एका आवारात संशोधकांनी 79 दिवस कॅमेरे लावून मांजरे आणि उंदीर यांच्यावर पाळत ठेवली होती. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत मांजरांनी दोनच उंदीर मारलेले आढळले. बाकीचे उंदीर मांजर दिसले की लपून बसत, आणि दिसत नसल्यामुळे ते कमी झाल्यासारखे वाटत. मुंबई महापालिकेला आजही रात्री काठ्या घेऊन उंदीर मारणारी माणसे नेमावी लागतात, यावरून काय ते समजावे.

कोळीवाड्यातली

अण्णा कोळणीला जाब विचारतात हे वाचून मला हसू आले, कारण माझी आई वेसाव्यात मासे विकायची आणि असे दोन-तीन अण्णा तिच्याही गिऱ्हाइकांत होते. ते स्वतःसाठी घासाघीस करायचे आणि मांजरासाठी निमूट पैसे मोजायचे. आमच्याकडे मात्र मांजर कोणाच्या मालकीचे नसते. मासळी कापायला बसले की डोकी आणि आतडी ज्याच्या पुढ्यात पडतील त्याची. होड्या किनाऱ्याला लागायच्या वेळा मांजरांना आमच्यापेक्षा चांगल्या ठाऊक असतात. पावसाळ्यात मासेमारी बंद झाली की ती वाळून काटकुळी होतात, आणि मग शेजारपाजारच्या आज्या भातात सुका जवळा कालवून ओट्यावर ठेवतात. त्या मांजरांना पंखा किती हवा असे कोणी विचारलेले मी पाहिलेले नाही.

मात्र आमची पद्धत चांगली आणि तुमची वेडगळ, असे मला म्हणायचे नाही. आमची मांजरे म्हातारी झालेली फार थोडी दिसतात. गाडीखाली जातात, नाहीतर आजाराने एखाद्या होडीच्या सावलीत जाऊन पडतात. चार-पाच महिन्यांची मांजरीही गाभण राहू शकते आणि सव्वादोन महिन्यांत विते, तेव्हा नसबंदी केली नाही तर वर्षभरात ओट्यावर पाय ठेवायला जागा उरत नाही. घरातल्या मांजराला आयुष्य मोठे मिळते, पण दोन खोल्या आणि एकच माणूस एवढेच जग मिळते. त्या माणसालाही मग तेवढेच जग उरले, तर दोष मांजराला तरी कसा द्यावा?

दोन बोक्यांची आई

मी कांदिवलीला राहते आणि माझ्याकडे दोन बोके आहेत, तरीही या वादात मी सचिवांच्या बाजूने थोडी झुकते आहे, याचे परळच्या बोक्यांना वाईट वाटू नये. पहाटे पाचला माझा थोरला बोका माझ्या पापणीवर पंजा ठेवतो. मांजराला पहाट आणि संध्याकाळ याच वेळा धावपळीच्या वाटतात हे खरे, परंतु रोज पाचला उठून खायला देण्याची सवय मीच त्याला लावली. आता ऑफिसात पेंगताना मी ‘काय करू, तो उठवतोच’ असे सांगते, आणि ते सांगताना मला बरे वाटते, ही त्यातली खरी गोम आहे. माझे चुलत सासरे पंचाहत्तर वर्षांचे झाले तो सोहळा मी धाकट्याला जुलाब होत असल्याचे सांगून टाळला होता. धाकटा त्या वेळी फ्रिजवर झोपला होता आणि ठणठणीत होता.

म्हणून ताई, मला वाटते की ठमीचे नाव काढून टाकून अण्णांचे वाक्य एकदा वाचून पाहावे. ‘प्रवास सोसत नाही.’ चौऱ्याहत्तराव्या वर्षी मुंबई-गोवा महामार्गावर बारा तास बसणे कोणाला सोसते? ‘करमणार नाही’ हेही तसेच. आपल्या वडिलांच्या पिढीतला माणूस मुलीला ‘मला तुझ्या घरी करमत नाही’ असे तोंडावर सांगणार नाही.

मात्र सगळेच यात बसवू नये. आम्ही मांजरवाले काही बाबतींत हटवादी असतो ते कारण असते म्हणूनच. माझ्या शेजारणीने बोक्याला ताप आहेसे वाटून पॅरासिटामॉलची अर्धी गोळी काढली होती, आणि मी तिच्या हातावर अक्षरशः झडप घातली. एवढी मात्राही मांजराचा जीव घेऊ शकते. त्या दिवसापासून ती मला वेडी समजते, आणि मी ते आनंदाने चालवून घेते.

सचिव (मानद)

हे मान्य आहे, पण मग घरच्यांनी करायचे काय? प्रत्येक वेळी मांजराच्या वाक्याचे भाषांतर करत बसायचे? ज्याला जे नको आहे ते त्याने स्वच्छ सांगावे, इतकी अपेक्षा मोठ्या माणसाकडून ठेवू नये काय? मी वर्षाला चार सर्वसाधारण सभा चालवतो. तिथे चाळीस माणसे माझ्याशी स्वतःच्या नावाने भांडतात, आणि मला तेच सोयीचे वाटते.

परळचा बोका

सभेत बोलणे आणि बायको गेल्यावर रिकाम्या घरात बोलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, सचिवसाहेब. पार्ल्याच्या ताईंनी करंड्याबद्दल लिहिले आहे, त्यावर आपण सगळेच गप्प राहिलो आहोत. गळालेल्या मिश्या जपणे ही मांजरवाल्यांत फार सर्रास आढळणारी सवय आहे. माझ्याकडेही काडेपेटीत आठ आहेत. पण करंड्याचे काय, हे मला सांगता येत नाही आणि मी सांगू नये.

पार्ल्याची लेक

सर्वांचे आभार. रविवारी पार्ल्याला गेले होते. पंखा तीनवर होता. ठमी अण्णांच्या मांडीवर असल्यामुळे दार मी माझ्याच किल्लीने उघडले, आणि ठमी बाहेर निसटू नये म्हणून ते घालतात तसे सवयीने आधी पाऊल आडवे घालून आत शिरले. चहा मीच केला. मग ठमीचे नाव न घेता विचारले, की अण्णा, तुम्हाला गावी यायचे नाही का? ते बराच वेळ ठमीच्या कानामागे खाजवत राहिले आणि म्हणाले, की आईशिवाय त्या घरात गौरी आणायच्या कशा, ते त्यांना समजत नाही. गेली तीन वर्षे आम्ही त्यांना गाडीत मांजराची टोपली कशी ठेवता येईल ते समजावत होतो.

करंड्याचे विचारायचे नाही असे मी ठरवले होते, पण त्यांनीच तो कपाटातून काढला. आतल्या मिश्या पांढऱ्या आणि ताठ आहेत, आणि टोकांना आईचे कुंकू लागले आहे. ‘रिकामा ठेवायला बरा दिसत नव्हता,’ एवढेच ते बोलले. मला अजूनही ते पूर्णपणे आवडलेले नाही, हे मी इथे प्रामाणिकपणे नोंदवते.

यंदा भाऊ त्यांना गाडीने नेणार आहे आणि सहा दिवस मी पार्ल्याला ठमीसोबत राहणार आहे, असे सध्या तरी ठरते आहे. काल त्यांनी दोन पाने भरून सूचना लिहून पाठवल्या. घरात लिलीची फुले आणू नयेत, कारण त्यांनी मांजराची मूत्रपिंडे निकामी होतात. रेघा कालनिर्णयातच माराव्यात, मोबाइलमध्ये नव्हे. आणि सचिवसाहेब, वाळू पिशवीत बांधून खाली न्यावी, संडासात टाकू नये, हेही त्यात आहे. शेवटच्या ओळीत, इतर सूचनांपेक्षा जरा बारीक अक्षरात, लिहिले आहे : ‘रात्री दहा वाजता फोन करून ठमीला माझा आवाज ऐकवावा.’